पासंग

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याला सगळ्यात घाईचं बोलावणं कधी येतं, तर काटा गिऱ्हाइकाला जास्त माप द्यायला लागला की. कमी देणारा काटा दुकानात वर्षानुवर्षं सुखाने नांदतो. अठ्ठावीस वर्षं हे पाहिल्यावर माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसा काटेवाल्याचा झाला होता. कुठेही गेला की तो आधी रिकाम्या पारड्यांकडे बघायचा. दोन्ही पारडी रिकामी असतानाच एक खाली झुकलेलं असेल तर त्या फरकाला पासंग म्हणतात. त्याचं म्हणणं, पासंग नाही असा काटा अजून जन्माला यायचाय. आहे तो सांगतो की लपवतो, एवढंच बघायचं.

"मी चहा दिला तरी हे आधी रिकामी कपबशी बघतात," असं बायको म्हणायची. ती जाऊन चौदा महिने झाले होते. असं म्हणणारं आता कुणी नव्हतं. घरात तो आणि मुलगी. मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण रांगायला लागली तेव्हापासून ती त्याची वजनं जमिनीवर एकामागे एक लावायची, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, आणि मधलं एखादं कुणी उचललं तर आकांत करायची.

मुंगी आता शेवटच्या वर्षाला होती आणि शाळा सुटली की केंद्रावर जायची. केंद्र म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. तिथल्या बाई, ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही अशा मुलांना मोठमोठ्या कॉलेजांचे अर्ज भरायला शिकवायच्या. मुंगीने धरलेलं कॉलेज रेल्वेने अकरा तासांवर होतं. हजारोंतून ऐंशी जण घ्यायचे; पण घेतलं की राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांचं.

काटेवाला पहिल्या दिवशी बाईंना भेटायला गेला तेव्हा त्याने एकच विचारलं होतं, "फी?"

"काही नाही."

तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

केंद्राच्या भिंतीवर एक फळा होता. कॉलेजात लागलेल्या मुलांचे फोटो होते त्यावर. त्याने मोजले. तेवीस.

"न लागलेल्यांचे कुठे आहेत?"

बाई हातातले कागद सारखे करत होत्या. त्या म्हणाल्या, "ते मी मोजलेलं नाही."

पन्नाशीची बाई, प्रत्येक मुलाच्या नावाची वेगळी फाईल, पेन्सिली एका उंचीच्या. आणि म्हणे मोजलेलं नाही. त्याने जिना उतरताना ठरवून टाकलं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

मुंगीच्या मावशीने त्या पाण्याला वाट करून दिली. ती दोन गल्ल्या सोडून राहायची, दवाखान्यात आया होती, आणि बहीण गेल्यापासून दर दोन दिवसांनी येऊन घर झाडून जायची.

"फुकट कोण कुणासाठी घसा कोरडा करतं, भावजी? डोक्यामागे काहीतरी मिळत असणार तिला."

"कुणाकडून?"

"ते मला काय ठाऊक! पण मिळत असणार. आणि काय काय विचारते बघा ना पोरीला. घरात खोल्या किती, कमावतं कोण, आई कशाने गेली. अहो, एवढं तर आमच्या दवाखान्यातसुद्धा विचारत नाहीत."

"मावशी, अर्जात लिहावं लागतं ते," आतून मुंगी म्हणाली.

"तू गप गं. पोरगी अकरा तासांवर गेली की बाप इथे भिंतींशी बोलणार, आणि ती बाई फोटो लावून मोकळी."

 आतलं दार जरा जोरात लागलं.

अर्ज पाठवायचा शुक्रवारी. बहुतेक कागद झाले होते. एकच राहिला होता, तो काटेवाल्याचा. त्या कॉलेजची एक रीत होती: आई किंवा वडिलांनी मुलाबद्दल एक पानभर पत्र लिहायचं. आपल्या भाषेत, आपल्या हाताने, पाकीट स्वतः बंद करून. दुसऱ्या कुणी वाचायचं नाही. पत्र नसेल तर अर्ज बाद.

"आई असती तर तिनं लिहिलं असतं," मुंगी म्हणाली. "बाबा, तुम्ही लिहाल ना?"

"आधी मला कळू दे काय चाललंय ते," तो म्हणाला.

"काय चाललंय म्हणजे? मला शिकायचंय, ते चाललंय!"

सोमवारी त्याला पार्सल ऑफिसात बोलावणं होतं. काउंटरवरचा काटा हलका दाखवत होता. तो खोलून बसलेला असताना त्याने तिथल्या वजन करणाऱ्या मुलीला सहज विचारलं की शिक्षण किती, आणि ती म्हणाली, "काका, मी पण त्या केंद्रातलीच. तीन वर्षांपूर्वीची. तुमच्या मुंगीला रोज समोरच्या जिन्याने वर जाताना बघते."

काटेवाल्याचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

"तुझा फोटो नाही फळ्यावर."

"कसा असेल? लागलेच नाही."

"का?"

ती जरा हसली. एक पार्सल ठेवून, त्यावर आकडा टाकून, बाजूला सरकवून मग बोलली. "बाई चांगल्या आहेत हां, काका. वाईट नाही बोलणार. पण माझा निबंध त्यांनी नीट केला. मी लिहिलेला, त्यांनी नीट केला, मग परत नीट केला. इतका नीट झाला की मुलाखतीत समोरच्यांनी त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं, आणि मी म्हटलं, हे कुणाचं आहे?"

"मग?"

"मग काय. ते एकमेकांकडे बघायला लागले."

काटेवाल्याला हवं होतं ते सापडलं. पारड्यावर बोट होतंच. बाई स्वतःसाठी दाबत नव्हत्या, मुलांच्या बाजूने दाबत होत्या, पण बोट ते बोटच. जास्त माप देणारा काटाही खोटाच असतो, आणि त्याचं बोलावणं तर आधी येतं.

घरी आल्यावर त्याने मुंगीच्या दप्तरातला निबंध काढला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचायचा. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"आईच्या शिवणयंत्राच्या आवाजात मी गणित शिकले. ते यंत्र थांबलं तेव्हा शांतता म्हणजे काय ते मला कळलं."

वाक्य चांगलं होतं. म्हणूनच त्याचं डोकं फिरलं. त्याच्या घरात शिवणयंत्र कधी आलंच नव्हतं. बायको साधं बटण लावायची तर दोनदा बोटाला टोचून घ्यायची. मेलेल्या बाईच्या हातात एका परक्या बाईने यंत्र ठेवलं होतं. का, तर वाचणाऱ्याचे डोळे भरावेत.

बुधवारी दुपारी तो काम टाकून केंद्रावर गेला. पलीकडच्या खोलीत मुंगी काहीतरी लिहीत बसली होती. त्याने निबंध बाईंच्या टेबलावर ठेवला.

"पार्सलवाली मुलगी आठवते?"

बाईंनी चष्मा काढला. "आठवते."

"तिचा निबंध तुम्ही लिहिलात."

"हो," बाई म्हणाल्या. त्याला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. "बिघडवला मी तो. मुलगी हुशार होती. माझ्या हौसेपायी तिची जागा गेली. त्यानंतर मी कुणाच्या कागदाला पेन लावलेलं नाही. नुसती विचारते. विचारायला काही हरकत आहे?"

"मग हे कुणी लिहिलं?" त्याने ओळीवर बोट ठेवलं. "आमच्या घरात शिवणयंत्र नव्हतं, बाई. कधीच नव्हतं."

बाईंनी ओळ वाचली. मग त्याच्याकडे पाहिलं. काटेवाल्याने आयुष्यभर पकडले गेलेले चेहरे पाहिले होते. दुकानदार आधी हसतो, मग चहा मागवतो. हा चेहरा तसा नव्हता. एखाद्याने पायाखालची पायरी काढून घ्यावी तसा होता.

"नव्हतं?" त्या म्हणाल्या. "मुंगी, जरा इकडे ये."

मुंगी दारात आली. टेबलावरचा कागद तिने पाहिला, बापाचं बोट पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"शेजारच्यांचं होतं," ती म्हणाली.

"मग आईचं का लिहिलंस?" काटेवाला म्हणाला. "बाईंनी सांगितलं?"

"बाईंनी काही नाही सांगितलं. त्यांनी विचारलं, अभ्यास करताना घरात कसला आवाज असायचा. मी हे सांगितलं."

"पण का?"

"खरा आवाज सांगू? तुम्हाला माहितीये खरा आवाज?"

त्याला माहीत होता. बायकोच्या घशाचा आजार वाढला आणि बोलणं गेलं तेव्हा त्यानेच तिला एक जुनं वजन दिलं होतं. दोनशे ग्रॅमचं, लोखंडी, झिजून चार ग्रॅमने कमी झालेलं, कामातून गेलेलं. काही लागलं तर तिने ते खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायचं. एकदा, मग थांबून दोनदा.

"ती वाजवायची," मुंगी म्हणाली. "पाणी हवं, कूस बदलायची, नुसतंच कुणीतरी यावं म्हणून. सारखी. माझी परीक्षा होती. मी कानात कापूस घातला, बाबा. पहिल्यांदा परीक्षेपुरता. मग रोज. कापसातूनसुद्धा ऐकू यायचं, पण म्हणता यायचं की नाही आलं. हे लिहू? आई वाजवत होती आणि मी गणितं सोडवत होते, असं लिहू? कोण घेईल मला?"

बाईंनी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. काटेवालाही उभाच होता. त्या महिन्यांत तो घरी उशिरा यायचा. कामं होती असं सगळ्यांना सांगायचा. कामं नव्हती. दुपारी तीनलाच हात मोकळे व्हायचे आणि तो गोदामाच्या कट्ट्यावर बसून स्वतःचीच वजनं पुसत राहायचा, कारण घरी गेलं की दारातूनच ते एक आणि दोन कानावर यायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. इतके दिवस तो बाईंच्या पारड्यावरचं बोट शोधत होता.

"न लागलेले एकेचाळीस," बाई अचानक म्हणाल्या. "तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत ना. मी खोटं बोलले. मोजलेलं आहे."

त्यांनी खालचा खण उघडला. त्यात फोटो होते, रबर लावलेले. वरचा पार्सलवालीचा होता.

त्याने खण बघितला. मग म्हणाला, "एक कागद द्या. रेघांचा नको, कोरा."

पत्र त्याने घरी येऊन, उजेड असेपर्यंत, खिडकीपाशी बसून लिहिलं. आयुष्यात त्याने एकच प्रकारचा मजकूर लिहिला होता, काटा तपासल्याचा दाखला. पत्रही तसंच झालं.

"मी वजनकाटे दुरुस्त करतो. मुलीबद्दल लिहा असं सांगितलं आहे. आमच्या कामात काटा योग्य आहे असं लिहिण्याआधी त्याची चूक लिहावी लागते. चूक काहीच नाही असा दाखला कुणी दिला तर तो मी खोटा समजतो. म्हणून आधी चूक लिहितो.

मुलगी पहिल्या हाकेला उठत नाही. चुकली तर लवकर कबूल करत नाही, पण करते. तिची आई आजारी असताना ती कानात कापूस घालून अभ्यास करायची. तिने निबंधात आधी एक गोष्ट खोटी लिहिली होती, ती ओळ ती आता स्वतः काढते आहे. आई आजारी असताना मी काम नसूनही घरी येत नव्हतो. त्यामुळे घरातलं सगळं वजन सोळा वर्षांच्या मुलीवर पडलं. ही चूक तिच्या नावावर धरू नये, माझ्या नावावर धरावी.

तिच्या आईचं अंग ती रोज सकाळी पुसून मगच शाळेत जायची, हे मी पाहिलेलं आहे. एकही दिवस चुकलेला नाही.

काटा कधी जास्त कधी कमी दाखवत असेल तर तो टाकून देतात. ज्याची चूक माहीत आहे आणि रोज तेवढीच येते त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. ही तशी आहे.

तपासली. वापरण्यास योग्य."

मावशी झाडू हातात घेऊन मागे कधी उभी राहिली ते त्याला कळलं नाही. दुसऱ्या कुणी वाचायचं नाही ही रीत मावशीला लागू नव्हती.

"अहो, बाप आहात का वैरी?" ती म्हणाली. "लोक पोरांची तारीफ करून करून पानं भरतात, आणि तुम्ही चुका लिहून देताय? वर वापरण्यास योग्य! पोरगी आहे का पंखा?"

"तू काय लिहिलं असतंस?"

मावशीने पदराने नाक पुसलं. "ते अंग पुसायचं लिहिलंत ते बरं केलंत," ती म्हणाली आणि उगाच परत तीच खोली झाडायला लागली.

त्याने पाकीट चिकटवलं. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. काटा दुरुस्त झाला की कुणी परत उघडू नये म्हणून त्याला तार ओवून शिसाची गोळी लावतात आणि पकडीने दाबून तिच्यावर खूण उमटवतात. त्याने पाकिटाला दोन भोकं पाडली, तार ओवली, गोळी दाबली.

गुरुवारी बाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"माझ्यावर अजून विश्वास नाही तर."

"गोळी सगळ्यांनाच लावतो," तो म्हणाला.

"आत काय लिहिलंय एवढं तरी सांगा. मुलीचं वर्ष आहे हे."

"चूक लिहिलीय."

 आता संशय घेण्याची पाळी बाईंची होती, आणि तो त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता. पण त्यांनी पाकीट फाईलमध्ये ठेवलं. मुंगीने निबंध परत लिहिला होता. त्यात शिवणयंत्र नव्हतं. काटेवाल्याने तो मागितला नाही आणि तिने दाखवला नाही.

शुक्रवारी सगळे कागद पार्सल ऑफिसात काउंटरवरच मोठ्या पाकिटात भरले जाणार होते. काटेवाल्याने पार्सलवालीला आधीच सांगून ठेवलं होतं. दुपारी तिचा फोन आला.

"काका, गोळी जशीच्या तशी आहे. तारसुद्धा. आणि ऐका ना, बाई मलाच विचारत होत्या, हे वाटेत उघडणार तर नाही ना म्हणून. मी म्हटलं, काकांची गोळी आहे, हातोड्याने फोडावी लागेल."

"काटा बरोबर दाखवतोय ना?"

"रिकाम्यावर शून्य आहे, काका. आज तीनदा बघितलं."

पुढे मुंगीला त्या कॉलेजात जागा मिळाली. हे लपवून ठेवण्यात काही मजा नाही, आज फळ्यावर चोविसावा फोटो तिचा आहे. आणि त्याच्या शेजारी बाईंनी खणातले एकेचाळीस लावलेत, तेही आहेत. पण मुलाखतीच्या दिवशी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

मुलाखत केंद्रातच होती, सकाळी अकराला. तिकडचे दोघे प्राध्यापक संगणकाच्या पडद्यावर येणार, मुंगी आतल्या खोलीत एकटी, दार बंद. त्या दिवशी काटेवाल्याने कामाचा खोका उचलला आणि उचलताच थांबला. हाताला फरक कळला. खोक्याच्या तळाशी, फडक्यात गुंडाळून, बायकोचं ते झिजलेलं वजन ती गेल्यापासून तो वागवत होता. कामाला उपयोग शून्य. खोका उघडून बघितलं, तर फडकं होतं, वजन नव्हतं.

पहिला संशय मावशीवर गेला, ती साफसफाईत काहीही फेकून द्यायची. दुसरा गोदामातल्या हमालांवर. रस्ताभर तो याच विचारात होता. मुंगी पुढे चालत होती, तिचं दप्तर एका बाजूला ओढल्यासारखं दिसत होतं, आणि माणसाच्या दप्तरात एकशे शहाण्णव ग्रॅम जास्त आहेत हे ओळखणाऱ्याला त्या दिवशी ते ओळखू आलं नाही.

तो केंद्राच्या जिन्यात बसला. बाई त्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. खाली छापखाना चालू होता, मग कुणीतरी तो बंद केला.

"तुम्हीच सांगितलंत बंद करायला?" त्याने विचारलं.

"हो. अर्धा तास."

"का?"

"अहो, ऐकू यायला हवं ना त्यांना! तुम्ही म्हणजे अगदी..."

बाईंचं वाक्य अर्धवट राहिलं. आतून पुरुषाचा आवाज काहीतरी विचारत होता. शब्द नीट कळत नव्हते. मग मुंगी बोलली, थोडंसंच. मग आत काहीच हालचाल नाही. इतका वेळ की बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

आणि मग दारातून आवाज आला. लोखंडावर लोखंड. टेबलाच्या पायावर असणार. एकदा. थोडं थांबून दोनदा.

काटेवाला उठून उभा राहिला होता. कधी उठला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तोंडातून शब्द निघून गेला होता.

"आलो गं."

बाईंनी काय म्हणून विचारलं नाही. त्यांनी फक्त पाय मागे घेतले आणि वर जायला वाट करून दिली. पण दार बंद होतं, आणि आत मुंगी बोलायला लागली होती, न थांबता. तो त्याच पायरीवर उभा राहिला, हात कठड्यावर ठेवून, पुन्हा वाजतं का ते ऐकत.